गाठीचे जगणे पाहणारा एमआरआय

यकृताच्या कर्करोगाचे निदान एका बाबतीत इतर बहुतेक कर्करोगांहून वेगळे आहे. स्तनात किंवा फुप्फुसात गाठ सापडली, तर तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय डॉक्टर सहसा उपचार सुरू करत नाहीत. यकृताचे तसे नाही. सिरॉसिस झालेल्या किंवा जुना हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या यकृतात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असली, कॉन्ट्रास्ट दिल्यावर धमनीच्या टप्प्यात ती आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळली आणि पुढच्या टप्प्यांत काळवंडली, तर तेवढ्या पुराव्यावर हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचे निदान करता येते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०११ मध्ये मांडलेली आणि पुढे सुधारत नेलेली 'लाय-रॅड्स' पद्धत याच पायावर उभी आहे. बायोप्सीत रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी पसरतात. हे धोके टळतात आणि उपचार लवकर सुरू होतात. रेडिऑलॉजीचे हे मोठेच यश आहे.

पण तुकडाच काढला नाही, तर गाठीच्या पेशी कशा स्वभावाच्या आहेत, कशावर जगतात, कोणत्या औषधाला दाद देतील, यातले फारसे काही हाती लागत नाही. ज्या कर्करोगात स्कॅनवर सर्वांत जास्त भिस्त आहे, त्याच कर्करोगात स्कॅन अजून मुख्यतः दोनच गोष्टी सांगतो: गाठीचा आकार आणि तिचा रक्तपुरवठा. या पुस्तकाचा विषय या उणिवेतून उभा राहिला आहे. गाठीतली रासायनिक घडामोड, म्हणजे तिचे चयापचय, एमआरआयने पाहता येते का, मोजता येते का, आणि त्या मोजमापावर विसंबून डॉक्टरला रुग्णाच्या भल्याचा निर्णय घेता येईल का, हे तीन प्रश्न पुढच्या सर्व प्रकरणांतून फिरत राहतात. पहिल्याचे उत्तर 'होय' असे मिळाले आहे. दुसऱ्याचे बऱ्याच अंशी मिळाले आहे. तिसऱ्यासाठीचे काम अजून व्हायचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

आजाराचा आवाका आधी लक्षात घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार जण दगावले. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कर्करोग सहावा आहे, मृत्यूंच्या संख्येत तिसरा. आजार उशिरा कळतो आणि कळेपर्यंत यकृत स्वतःच खंगलेले असते, म्हणून हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत.

उपचारांचे चित्र मात्र गेल्या दोन दशकांत पालटले आहे. लहान गाठ कापून काढता येते, सुईने जाळता येते किंवा यकृत प्रत्यारोपण करता येते. १९९६ मध्ये मिलान येथे ठरलेले निकष, म्हणजे ५ सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ किंवा ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, आजही प्रत्यारोपणाच्या निर्णयाचा आधार आहेत. मधल्या टप्प्यात गाठीला रक्त पोचवणाऱ्या धमनीत औषध सोडून तीच धमनी बंद करतात. या उपचाराला डॉक्टरांच्या बोलण्यात 'टेस' म्हणतात. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाचे आयुष्य वाढवणारे औषध २००८ पर्यंत सिद्ध झालेले नव्हते. त्या वर्षी सोराफेनिबच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब या जोडीने सोराफेनिबलाही मागे टाकले. पर्याय वाढले, तशी निवड अवघड झाली. निवडलेले औषध लागू पडते आहे की नाही, हे पुढच्या स्कॅनपर्यंत दोन-तीन महिने थांबून पाहावे लागते. यकृत खंगत चाललेल्या रुग्णाकडे हे महिने नसतात.

थांबूनही उत्तर दर वेळी स्पष्ट मिळत नाही. टेस केल्यावर गाठीचा आकार तसाच राहिला, तरी आतली पेशी मेलेली असू शकते. म्हणून आता पूर्ण गाठ न मोजता कॉन्ट्रास्टने उजळणारा भागच मोजतात. किरणोपचारानंतर हा उपायही तोकडा पडतो, कारण उपचार यशस्वी झालेली गाठसुद्धा कित्येक महिने उजळत राहू शकते. इम्युनोथेरपीत कधी कधी रोगप्रतिकारक पेशींच्या गर्दीने गाठ आधी फुगते आणि मग ओसरते. बाहेरून घराच्या भिंती मोजून आत चूल पेटली आहे की विझली आहे हे सांगता येत नाही, तशी ही अडचण आहे.

आतले काही कळावे म्हणून चयापचयाकडे वळायचे, तर त्यासाठी यकृताइतका अनुरूप आणि यकृताइतका अवघड अवयव दुसरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्लोद बर्नार यांनी यकृत साखर साठवते आणि गरजेप्रमाणे रक्तात सोडते हे दाखवले. कार्ल आणि गर्टी कोरी यांनी स्नायूंत तयार झालेल्या लॅक्टेटपासून यकृत पुन्हा ग्लुकोज बनवते ते चक्र उलगडले. १९४७ च्या नोबेल पारितोषिकात या दांपत्याचा वाटा होता. १९२० च्या दशकात ऑटो वारबुर्ग यांच्या लक्षात आले, की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजपासून भरमसाट लॅक्टेट तयार करतात. आज सर्वत्र वापरला जाणारा पेट स्कॅन पेशीच्या याच साखरेच्या हावेवर आधारलेला आहे.

आणि नेमका यकृताच्या कर्करोगात तो अनेकदा फसतो. पेट स्कॅनसाठी दिलेली किरणोत्सारी साखर पेशीत शिरल्यावर तिला फॉस्फेट जोडला जातो आणि ती आत अडकते. यकृताच्या पेशीत हा फॉस्फेट काढून टाकणारे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नावाचे विकर भरपूर असते, कारण रक्तात साखर सोडणे हे यकृताचे नेमून दिलेले कामच आहे. मूळ यकृतपेशीशी बरेच साम्य राखून असलेल्या कर्करोगाच्या पेशीतही हे विकर टिकून राहते. साखर आत येते आणि बाहेर पडते, गाठ आजूबाजूच्या यकृतासारखीच दिसते. अशा कितीतरी गाठी पेट स्कॅनमधून सुटतात. म्हणून यकृतासाठी साखर किती शिरली एवढे पाहून भागत नाही. शिरल्यावर तिचे पुढे काय झाले, हे पाहणारी पद्धत हवी. एमआरआयमध्ये ती क्षमता जन्मापासून आहे.

त्या जन्माच्या कथेत मुंबईचाही एक दुवा आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथाइल अल्कोहोलमधून एकाऐवजी तीन वेगळे चुंबकीय संकेत मिळवून दाखवले. रेणूत हायड्रोजन कोणत्या अणूंच्या शेजारी बसला आहे, त्यावर त्याच्या संकेताची वारंवारता किंचित बदलते. याला रासायनिक सृती म्हणतात. तिच्यामुळेच चुंबकीय अनुनादातून पाणी, चरबी, लॅक्टेट, कोलीन यांना वेगवेगळे ओळखता येते. या तिघांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि देशातल्या या शास्त्राची पायाभरणी त्यांनी तिथे केली.

रासायनिक सृतीचा यकृतासाठी झालेला पहिला मोठा उपयोग चरबी मोजण्याचा. १९८४ मध्ये टॉमस डिक्सन यांनी पाणी आणि चरबी यांच्या वारंवारतेतल्या फरकाच्या आधारे दोन्हींच्या वेगळ्या प्रतिमा मिळवण्याची युक्ती सांगितली. त्या युक्तीतून आजचे यकृतातल्या चरबीचे टक्केवारीतले मोजमाप घडले. मधल्या वर्षांत झालेले काम फारसे कोणाच्या नजरेत भरत नाही, पण ते समजून घेतले पाहिजे. लोहामुळे येणारी चूक दुरुस्त करावी लागली. बायोप्सीशी आकडे ताडून पाहावे लागले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या ताकदीच्या मशिनवर तोच आकडा येतो हे सिद्ध करावे लागले. हे सर्व झाल्यावर ते मोजमाप फॅटी लिव्हरवरच्या औषधांच्या चाचण्यांत स्वीकारले गेले. चयापचयाशी निगडित एमआरआय प्रयोगशाळेतून बाह्यरुग्ण विभागापर्यंत कसा पोचतो, याचे हे सर्वांत चांगले उदाहरण आहे आणि पुढच्या प्रत्येक तंत्राला याच वाटेने जावे लागणार आहे.

दुसरे उदाहरण गॅडॉक्झेटिक आम्ल या कॉन्ट्रास्टचे. निरोगी यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरच्या एका वाहक प्रथिनाद्वारे ते आत ओढून घेते आणि पित्तात सोडते. कर्करोग होताना बहुतेक गाठी हे प्रथिन गमावतात. त्यामुळे इंजेक्शननंतर सुमारे २० मिनिटांनी यकृत उजळ आणि गाठ काळी दिसते. काही थोड्या गाठी मात्र उजळच राहतात, आणि त्यांतल्या अनेकींमध्ये बीटा-कॅटेनिन या जनुकातला बदल आढळतो. तुकडा न काढता गाठीच्या जनुकीय स्वभावाची चाहूल लागते, ती अशी.

आता ज्या तंत्रांकडे जगभरातल्या संशोधकांचे लक्ष आहे, त्यांच्याकडे येऊ. नेहमीचा एमआरआय शरीरातल्या पाण्यावर चालतो, कारण पाणी अमाप आहे. लॅक्टेट किंवा अ‍ॅलनिन यांसारखे रेणू त्याच्या हजारो पटींनी कमी असतात. शिवाय ३ टेस्लाच्या मशिनमध्येसुद्धा दहा लाख हायड्रोजन केंद्रकांमागे जेमतेम दहांइतक्या केंद्रकांचा फरक संकेत देतो. कार्बन-१३ च्या बाबतीत हा फरक त्याच्या चौथ्या हिश्शावर येतो, आणि निसर्गात कार्बनचे फक्त १.१ टक्के अणू कार्बन-१३ असतात. इतक्या क्षीण संकेतातून चालत्या चयापचयाचे चित्र काढणे अशक्यच वाटत होते.

२००३ मध्ये यान हेन्रिक आर्डेनक्येर-लार्सन, क्लास गोल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संकेत दहा हजार पटींहून अधिक वाढवून दाखवला. कार्बन-१३ असलेला पदार्थ निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अंशभर वर गोठवायचा, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या, आणि मग तो गरम द्रावकात झटकन विरघळवायचा. असे 'हायपरपोलराइज्ड' पायरुवेट शिरेतून दिले, की पुढच्या एक-दोन मिनिटांत त्याचे लॅक्टेट, अ‍ॅलनिन आणि बायकार्बोनेट यांत होणारे रूपांतर स्कॅनवर दिसते. किरणोत्सार नाही, आणि पायरुवेट तर शरीराच्या ओळखीचाच रेणू. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रोस्टेट कर्करोगाच्या ३१ रुग्णांवर केलेला पहिला मानवी अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे तंत्र माणसावर सुरक्षितपणे वापरता येते हे दिसून आले.

यकृतासाठी त्याहून बोलका पुरावा त्याआधीच उंदरांवरच्या प्रयोगातून आला होता. मिक नावाचे कर्करोगकारी जनुक चालू करून यकृतात गाठी निर्माण केलेल्या उंदरांत २०११ मध्ये असे आढळले, की गाठ दिसण्यापूर्वीच पायरुवेटचे अ‍ॅलनिनमध्ये होणारे रूपांतर वाढते, आणि गाठ तयार झाल्यावर लॅक्टेटमध्ये होणारे. म्हणजे आकार बदलण्याआधी चयापचय बदलते. माणसाच्या यकृतातही हे दिसले, तर संशयास्पद गाठ कर्करोगाकडे झुकते आहे का, औषध लागू पडते आहे का, हे फार आधी सांगता येईल. या 'तर'वर बरेच काही अवलंबून आहे.

दुसरी वाट ड्यूटेरियमची. २०१८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ड्यूटेरियम जोडलेले ग्लुकोज प्यायला देऊन मेंदूत आणि यकृतात त्याचे पुढे काय होते, याची त्रिमितीय चित्रे काढली. इथे पदार्थ गोठवण्याचे यंत्र लागत नाही, संकेत मिनिटभरात मावळत नाही, आणि ड्यूटेरियम किरणोत्सारी नाही. चित्रे मात्र ठोकळ येतात. तिसरी वाट फॉस्फरसची: पेशीतला ऊर्जेचा साठा आणि पेशीपटलाची जडणघडण तिच्यातून कळते. या तिन्ही वाटांना एक अडचण समान आहे. रुग्णालयांतली बहुतेक यंत्रे फक्त हायड्रोजनसाठी बांधलेली असतात, ३ टेस्लावर सुमारे १२८ मेगाहर्ट्झ. कार्बन-१३ चा संकेत ३२ मेगाहर्ट्झवर येतो, ड्यूटेरियमचा त्याहून खाली. वेगळे अ‍ॅम्प्लिफायर, वेगळी कॉइल आणि ती हाताळणारा भौतिकशास्त्रज्ञ यांच्याशिवाय काम सुरूच होत नाही.

हायपरपोलराइज्ड पायरुवेटच्या बाबतीत यात औषधनिर्मितीची भर पडते. बाटलीतून भरून आणता येईल असे हे औषध नाही. ते स्कॅनरच्या शेजारच्या खोलीत, रुग्ण टेबलावर असताना तयार होते. त्याची आम्लता, तापमान, संहती आणि उरलेले रसायन यांची तपासणी मिनिटभरात उरकावी लागते, कारण तेवढ्या वेळात संकेताचा मोठा भाग विरून जातो. एखादी तपासणी हुकली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर यकृताच्या स्वतःच्या अडचणी. ते श्वासाबरोबर हलते, आणि पोटात पाणी झालेल्या रुग्णाला श्वास रोखून धरणे जड जाते. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ मुख्यतः धमनीवर पोसली जाते. त्यामुळे गाठीत लॅक्टेट जास्त दिसले, तर ते तिच्या चयापचयामुळे की पायरुवेट तिथे आधी आणि जास्त पोचल्यामुळे, हे गणिताने वेगळे काढावे लागते. रुग्ण उपाशी आहे की जेवून आला आहे, याने यकृताचे रसायनच बदलते. आणि तुलनेसाठी हाताशी असलेले बाकीचे यकृतही सिरॉसिसने बदललेले असते. प्रोस्टेटमध्ये किंवा मेंदूत जुळवलेली पद्धत जशीच्या तशी यकृतावर लावता येत नाही, ती याच कारणांमुळे. यकृतासाठीचे निकष यकृतावर काम करूनच ठरवावे लागतील.

कर्करोगाच्या प्रतिमा-निर्देशकांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०१७ मध्ये एक मार्गनकाशा प्रसिद्ध केला. नवे मोजमाप दोन ठिकाणी अडते, असे त्यात दाखवले आहे. पहिला अडथळा मोजमाप संशोधनासाठी विश्वासार्ह ठरण्याचा: आज आणि उद्या, या शहरात आणि त्या शहरात तोच आकडा येतो का? दुसरा अडथळा ते उपचाराच्या निर्णयासाठी उपयोगी ठरण्याचा: या आकड्यामुळे कोणता निर्णय बदलतो आणि त्याने रुग्णाला काय मिळते? यकृतासाठीची बहुतेक नवी तंत्रे आज पहिल्या अडथळ्याशीच झगडत आहेत. दोन दिवस ओळीने त्याच रुग्णाचा स्कॅन करून आकड्यांतला फरक नोंदवणे, अनेक केंद्रांनी एकच पद्धत पाळणे, ज्यांत निष्कर्ष प्रतिकूल आला तेही अभ्यास प्रसिद्ध करणे, या कामांना टाळ्या मिळत नाहीत. पण सुंदर रंगीत चित्रापेक्षा या कामांची किंमत जास्त आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

निर्णयाच्या जागाही नेमकेपणाने ठरवल्या पाहिजेत. मला तीन जागा दिसतात. सिरॉसिसमधली संशयास्पद, धड इकडची ना तिकडची गाठ. टेस किंवा किरणोपचारानंतर गाठीत जिवंत पेशी उरल्या का, हा प्रश्न. आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते चालू ठेवायचे की बदलायचे, ही निवड. नव्या स्कॅनने यांपैकी एका जागी जरी आजच्या स्कॅनपेक्षा चांगले उत्तर दिले, तरी तो खर्च सार्थ आहे. एकाही जागी दिले नाही, तर तो कितीही देखणा असला तरी संशोधनापुरताच राहावा.

हा विषय मराठी वाचकासमोर मांडताना आपल्याकडची परिस्थिती नजरेआड करता येत नाही. आपल्या तालुक्याच्या गावी साधा एमआरआयसुद्धा सहज मिळत नाही. अशा वेळी कार्बन-१३ च्या गोष्टी कशाला, असे विचारणाऱ्याचे मी स्वागत करतो, कारण तो प्रश्न या पुस्तकाला सतत जमिनीवर ठेवतो. माझे उत्तर दुहेरी आहे. चरबीचे मोजमाप आणि यकृतपेशीत शिरणारे कॉन्ट्रास्ट यांना वेगळे यंत्र लागत नाही. मोठ्या शहरांतल्या आजच्या यंत्रांवर ती होतात आणि ती अधिक काटेकोरपणे वापरायला हवीत. आणि पुढच्या तंत्रांचे निकष ठरताना आपले रुग्ण त्यात नसतील, तर ते निकष आपल्या फॅटी लिव्हरला, आपल्या मधुमेहाला, आपल्या उशिरा होणाऱ्या निदानाला लागू पडतीलच याची खात्री कोणी देणार नाही.

पुढची प्रकरणे सलग वाचावीत अशी रचली आहेत: आधी यकृताचे चयापचय, मग चुंबकीय अनुनादाची मूलतत्त्वे, मग एकेक तंत्र, आणि शेवटी चाचण्या, नियमन आणि खर्च. घाई असलेल्या डॉक्टरांनी शेवटचा भाग आधी वाचायला हरकत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मात्र मूलतत्त्वे गाळू नयेत, कारण या क्षेत्राला त्यांचीच गरज सर्वांत जास्त आहे. भौतिकशास्त्र, औषधनिर्माण, संख्याशास्त्र आणि वैद्यक एका खोलीत बसल्याशिवाय यातले एकही पाऊल पडत नाही.

आणि घरात यकृताचा रुग्ण असलेल्या वाचकाला एक विनंती. या पुस्तकातली बहुतेक तंत्रे आज तुमच्या डॉक्टरांकडे नाहीत, म्हणून निराश होऊ नका. सिरॉसिस असलेल्या व्यक्तीची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी करून घ्या आणि नवजात बाळाला हेपॅटायटिस बीची लस पहिल्या २४ तासांत द्या. वेळेवर सापडलेली लहान गाठ आजच्या साधनांनीही बरी करता येते.